शाळेच्या पाटीवरच्या कमलाबाई

माझं माहेर फलटणचं. गावात कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे. १९८६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा मी अगदी लहान होते. आमच्या आळीतली काही मुलं त्या शाळेत जायची. शाळेचं नाव रोज कानावर पडायचं, पण या कमला निंबकर कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही. फलटण म्हटलं की नाईक निंबाळकरांचं राजघराणं, तेव्हा या बाईही त्यांच्यातल्याच कुणी राणीसाहेब असतील असं मी समजून चालले होते. निंबकर आणि निंबाळकर यांतला फरक मुलांच्या लक्षात कुठला यायला!

त्या नावामागची बाई मला भेटली ती लग्नानंतर वीस-बावीस वर्षांनी, आणि तीही माझ्या सासरी, सांगली जिल्ह्यात. ती कशी भेटली हे सांगायचं तर आधी घरातलीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझं सासर विट्याजवळच्या खेड्यात. घरी दोन म्हशी, एक जर्सी गाय, थोडा ऊस. सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेचा उजवा हात कडबाकुट्टी मशीनमध्ये गेला. संध्याकाळची वेळ, वैरण घालायची घाई, हातात काचेच्या बांगड्या आणि खांद्यावरून सुटलेला पदर. मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत हात गेला. आपल्या भागात हे नवीन नाही. सातारा, सांगलीच्या कुठल्याही गावात विचारा, कडबाकुट्टीत नाहीतर उसाच्या चरकात हात गेलेलं एखादं माणूस निघतंच. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पुढं एका शिबिरात कृत्रिम हातही मिळाला.

मी तेव्हा महिला मंडळाचं आणि अपंगांच्या दाखल्यांचं काम करत होते. कुणाला सिव्हिल हॉस्पिटलला नेऊन प्रमाणपत्र मिळवून दे, कुणाला तीनचाकी सायकल, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज. गावात माझं नाव होतं. घरच्या कामात तर मी कसूर कशी करणार? जावेला आम्ही काडीची तोशीस लागू दिली नाही. तिचा स्वयंपाक मी करायची, वेणी आत्या घालायच्या (सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात), धुणं तिची मुलगी धुवायची. ताट वाढून हातात द्यायचं. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, अशा जावा मिळायला नशीब लागतं. मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

वर्षभरात ती जाऊ निम्मी झाली. बोलणं बंद, बाहेर जाणं बंद. हळदी-कुंकवाला यायची नाही. कृत्रिम हात कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसा आला तसाच. दुःख आहे, होईल कमी, असं आम्ही धरून चाललो.

मग एका दवाखान्यात एक थेरपिस्ट मुलगी भेटली. ती मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलात शिकलेली होती. तिनं जावेला दुखतं का, हे विचारलंच, पण त्याच्या आधी भलतंच विचारलं. हात जायच्या आधी घरातलं कुठलं काम तुम्हाला सगळ्यात जास्त आवडायचं? जाऊ बराच वेळ गप्प बसली. मी तिच्या वतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्या मुलीनं मला हातानंच थांबवलं. शेवटी जाऊ म्हणाली, भाकरी. आणि रडायला लागली. वर्षभरात आम्ही तिला एकदाही चुलीपुढं बसू दिलं नव्हतं.

त्या दिवशी बाहेर पडताना मी त्या मुलीला विचारलं, हे असलं कुठं शिकवतात? तिनं सांगितलं की या विद्येला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आणि आपल्या देशात तिची पहिली शाळा के. ई. एम. मध्ये कमला निंबकरांनी काढली. मी उडालेच. आमच्या फलटणच्या शाळेच्या पाटीवरच्या? हो, त्याच. मग मी मिळेल तिथून त्यांची माहिती गोळा करत गेले. मैत्रिणींनो, आज त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

कमलाबाई जन्मानं निंबकर नव्हत्याच, आणि भारतीयही नव्हत्या. त्यांचं मूळ नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतला. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती लोकांमधला एक वेगळा पंथ. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो, लोक एकत्र शांत बसतात. साधी राहणी, युद्धाला विरोध आणि प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे हा विश्वास, ही त्यांची शिकवण.

या पंथाचं आणि पुढं कमलाबाईंनी केलेल्या कामाचं एक जुनं नातं आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी वेड लागलेल्या माणसांना साखळदंडानं बांधून ठेवायची रीत होती. तेव्हा १७९६ साली इंग्लंडात यॉर्क या गावी क्वेकर लोकांनी त्यांच्यासाठी एक घर काढलं. तिथं रुग्णांना माणसासारखं वागवायचं आणि बागकाम, शिवण, विणकाम असं काहीतरी हाताला द्यायचं. हाताला काम मिळालं की माणूस सावरतो, हे तिथं दिसून आलं. अमेरिकेतल्या क्वेकरांनीही ही रीत उचलली. पुढं पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले, मनानं खचलेले सैनिक हजारोंनी परतले. त्यांना पुन्हा उभं करायला याच विचारातून अमेरिकेत शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झालं. १९१७ साली तिथं या विद्येची पहिली संघटना झाली आणि १९१८ साली फिलाडेल्फिया शहरात शाळा निघाली.

एलिझाबेथ तेव्हा अठरा वर्षांची होती. तिचा त्या शाळेशी काही संबंध नव्हता. तिनं न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधून पदवी घेतली. मग विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी तिची गाठ पडली आणि १९३० च्या सुमारास दोघांचं लग्न झालं. एलिझाबेथची कमला झाली आणि नवऱ्यामागोमाग हिंदुस्थानात आली.

आपण फलटणहून दहिवडी, मायणी करत विट्याला सासरी येतो, तर चार दिवस डोळ्याचं पाणी खळत नाही. ही तर सात समुद्र ओलांडून, इंग्रजांच्या राज्यात, एका काळ्या माणसाची गोरी बायको म्हणून आलेली. ते दिवस सविनय कायदेभंगाचे आणि मिठाच्या सत्याग्रहाचे. गोऱ्यांना ती आपली वाटत नसणार आणि आपल्या लोकांनाही चटकन वाटली नसणार. पण तिनं इथलं नाव घेतलं, इथलं घर केलं, इथंच मूल वाढवलं, आणि उरलेलं सगळं आयुष्य याच देशाच्या कामात घातलं.

आणि आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. कमलाबाईंनी ज्या कामानं नाव मिळवलं, ते काम शिकायला त्या गेल्या तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, पुन्हा जखमी सैनिकांचे लोंढे, आणि त्यांना उभं करणाऱ्या या विद्येचं महत्त्व जगाला पुन्हा पटत होतं. घर, संसार, मोठा होत असलेला मुलगा, हे सगळं असताना कमलाबाई अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या. आपल्यातल्या कितीजणी पस्तिशीतच म्हणतात, आता आपलं काय राहिलंय, मुलांचं बघायचं. मीही म्हणत होते. चाळिशीनंतर बाकावर बसून परीक्षा द्यायची म्हणजे चेष्टा नाही. शिवाय ज्या देशात त्या विद्येचं नावही कुणाला माहीत नाही, अशा देशात काम करण्यासाठी ती शिकायची!

परत आल्या तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता. त्या वेळी इथं काय होतं? पुण्याला १९४४ साली कृत्रिम अवयवांचं केंद्र निघालं होतं, पण ते सैनिकांसाठी. मुंबईत फातिमा इस्माईल या बाईंनी, स्वतःच्या लेकीला पोलिओ झाला म्हणून, १९४७ साली पोलिओच्या मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं होतं. बाकी सगळा अंधारच. पांगळं मूल जन्माला आलं किंवा कमावता माणूस अपंग झाला, तर ते मागल्या जन्माचं पाप. घरात खाऊन-पिऊन असले तर कोपऱ्यात बसवायचं, नसले तर देवळाच्या पायरीवर. डॉक्टर हाड जोडायचे, जखम बरी करायचे आणि घरी पाठवायचे. घरी जाऊन हा माणूस आंघोळ कशी करणार, जेवणार कसा, पोट कसं भरणार, हे बघणं डॉक्टरांच्या कामात बसत नव्हतं.

नेमक्या या जागी कमलाबाई उभ्या राहिल्या. १९५० साली परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. भारतातली तर ती पहिलीच, पण सगळ्या आशियातलीही पहिली समजली जाते. त्यांचं वय तेव्हा पन्नास.

ही थेरपी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते, कारण मलाही आधी फिजिओथेरपी आणि ही एकच वाटायची. अर्धांगवायूनं हात लुळा पडला, तर फिजिओथेरपीत मुख्यतः स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल यांवर काम होतं. ऑक्युपेशनल थेरपीवाली पुढं विचारते की या हातानं तुम्हाला करायचंय काय? ब्लाउजची हुकं लावायची, आमटीचा भुरका मारायचा, लेकीची वेणी घालायची, शिलाई मशीन चालवायचं? मग त्या कामाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा शिकवायचा. जमत नसेल तर हत्यार बदलायचं. चमच्याची मूठ चिंध्या गुंडाळून जाड केली की बोटं न मिटणाऱ्या माणसाच्याही हातात तो बसतो. हुकांच्या जागी चिकटपट्टी लावायची. संडासात धरायला एक पाइप बसवायचा. माणूस बदलत नसेल तर घर बदलायचं, पण त्याचं काम त्यानंच करायचं. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. यातल्या व्यवसायाचा अर्थ दुकान-धंदा असा नाही. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टीत हात गुंतवतो ते सगळं त्यात आलं. भाकरीसुद्धा.

एक शाळा काढून कमलाबाई थांबल्या असत्या, तरी पुष्कळ होतं. पण एकट्यानं केलेलं काम माणसाबरोबर संपतं, हे त्यांनी ओळखलं असावं. १९५२ साली देशभरातल्या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच साली या विषयाचा जागतिक महासंघ स्थापन झाला. तो स्थापन करणाऱ्या दहा देशांमध्ये अमेरिका, इंग्लंड, कॅनडा यांच्या रांगेत आपला भारत होता. विचार करा, शाळा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रशिक्षित मुली, आणि तरी जगाच्या टेबलावर आपल्याला खुर्ची मिळाली. १९५५ साली मुंबईत हाजी अलीला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९५८ साली नागपूरला ऑक्युपेशनल थेरपीची दुसरी शाळा निघाली. पुढं कमलाबाईंनी आशियातल्या पुनर्वसनाच्या कामाविषयी एक नियतकालिकही चालवलं. कुठं काय प्रयोग चाललाय, हे ते करणाऱ्यांना एकमेकांकडून कळावं, हा त्याचा उपयोग.

इतकं करूनही त्यांचं नाव बाबा आमट्यांसारखं घरोघरी गेलं नाही. त्यांनी आश्रम काढला नाही, उपोषण केलं नाही. शिकवणारी माणसं तयार केली. त्या माणसांनी आणखी माणसं तयार केली. अशी कामं फोटोत येत नाहीत.

१९७९ साली कमलाबाई गेल्या. फलटणशी त्यांचं नातं मुलामुळं. त्यांचे चिरंजीव बॉन निंबकर यांनी फलटणला शेतीत संशोधन केलं, १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, पुढं त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ साली तेही गेले. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. म्हणजे इरावतीबाई आणि कमलाबाई एकमेकींच्या विहिणी! फलटणला १९७८ साली मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाईंनी प्रगत शिक्षण संस्था काढली होती. त्या संस्थेनं शाळा सुरू केली तेव्हा तिला कमलाबाईंचं नाव दिलं. ज्या पाटीखालून मी लहानपणी शेकडो वेळा गेले, ती पाटी ही.

आता पुन्हा आमच्या घरी येते.

त्या थेरपिस्ट मुलीनं जावेला जे शिकवलं त्याला फार खर्च आला नाही. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. तवा चुलीवर डुगडुगू नये म्हणून बाजूनं टेकण. भाकरी एका हातानं थापायची सवय व्हायला दोन महिने लागले. पहिल्या भाकऱ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या. आत्यांनी तोंड वाकडं केलं, मीसुद्धा दोनदा तिच्या हातातून पीठ ओढून घ्यायला गेले. तिला धडपडताना बघवायचं नाही. पण ते आपलं न बघवणं असतं, तिची अडचण नव्हे, हे मला तेव्हा उमगलं. आम्ही जिला माया म्हणत होतो, त्या मायेनंच तिचा दुसराही हात काढून घेतला होता.

भाजी चिरायचं तर आपल्याकडं उत्तर तयारच होतं. टेबलावर सुरीनं कापायचं तर दोन हात लागतात, एक धरायला आणि एक कापायला. पण आपली विळी पायाखाली घट्ट राहते, पातं जागच्या जागी. जपून, सावकाश, एका हातानं भाजी पुढं ढकलत चिरता येते. आपल्या आज्यांनी ही सोय आधीच करून ठेवली आहे! कृत्रिम हात ती रोज घालत नाही. लग्नकार्याला घालते. तिनं तसं ठरवलं आहे, आणि आता ते ठरवणं तिचं आहे. गेल्या संक्रांतीला ती हळदी-कुंकवाला आली, डाव्या हातानं सगळ्यांना कुंकू लावलं. एक-दोघी आधी बिचकल्या, मग पुढं झाल्या.

माझं दाखल्यांचं काम मी सोडलेलं नाही, सोडूही नये. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वावलंबन कार्ड मिळतं, सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून हा हिशेब विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि आम्ही बायकांनी आमच्या गावात तो विचारलाही. चौकशी झाली, तेव्हा कळलं की दिव्यांगांना नेमकं काय पाहिजे, हे दिव्यांगांनाच कुणी विचारलेलं नव्हतं. पुढच्या बैठकीला जाऊ स्वतः गेली. शाळेत आणि पंचायतीत चढायला उतार करा आणि संडासात धरायला पाइप बसवा, एवढंच मागितलं. उतार झाला. पाइपासाठी अजून हेलपाटे चालू आहेत.

पण कुणाच्या घरी अर्ज भरायला गेले की आता मी आधी कागद काढत नाही. त्या माणसाला विचारते, तुम्हाला काय करायला आवडायचं? आणि उत्तर द्यायला घरातलं दुसरं कुणी तोंड उघडलं, तर हातानं थांबवते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, गल्लीत असं कुणीतरी असेल. पोलिओनं पाय गेलेली आत्या, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले मामंजी, उशिरा बोलणारं मूल. आज त्यांचं ताट वाढताना एकदा थांबून विचारा, यातलं तुम्ही काय कराल? वेळ लागेल, सांडेल, घरातली बाकीची माणसं बोल लावतील. लावू द्या. आणि फलटणला कधी गेलात तर त्या शाळेची पाटी जरूर बघा.